निधी क्रमांक सतरा

मार्च सरत आला की मी कपाटातून ती जाड वही काढते,
लाल कापडाची, कोपरे कुरतडलेली,
आणि चरईतल्या आमच्या रात्रशाळेच्या कचेरीत
पंखा बंद करून बसते. पानं सुटतात.

एकेचाळीस कायमनिधी.
सुळे मास्तरांच्या आईच्या नावानं गणिताचं बक्षीस,
पाचशे एक.
कर्णिक बंधूंचे दोन हजार, वह्यांसाठी, अट अशी की
वहीवर वडिलांचा फोटो छापू नये, त्यांना आवडत नसे.
डिमेलो टीचरचा निधी, नाताळच्या आधी मुलांना केक;
त्या व्याजात हल्ली ग्लुकोज बिस्किटं येतात,
तीही आठवीपुरतीच.
वागळे इस्टेटमधल्या एका बंद कारखान्याच्या युनियनचे
उरलेले पैसे,
कशासाठी, ते लिहायचं राहून गेलं.

मुद्दलाला हात लावायचा नाही.
हे पहिल्याच दिवशी प्रभुदेसाईंनी सांगितलं,
माझ्या आधीचे हिशेबनीस,
ओठांवर बोट ठेवून, जणू आत पाळण्यात कुणी निजलंय.
व्याज उठतं, हुंदडतं, खर्चून जातं.
मुद्दल झोपू द्यायचं.

सतरावर मी दरवर्षी थांबते.
श्रीमती जानकी पोसू नाखवा, चेंदणी कोळीवाडा.
रु. ३५१. सन १९६८.
उद्देश: रात्री शाळा सुटल्यावर पोरांच्या कंदिलाला राकेल.
सहीच्या जागी अंगठा.
अंगठ्यावर आडवी पांढरी रेघ,
शाई तिथं शिरलेली नाही.
विळीची असावी.
कुठला पोरगा, कुठली वाट, कुठल्या रात्री काय झालं,
वही काही बोलत नाही.

शहाऐंशीपर्यंत राकेलच्या पावत्या आहेत, टाचणीला गंज.
मग गल्लीत दिवे आले, मग खिशाखिशात मोबाईल.
तेव्हापासून आधी प्रभुदेसाई आणि आता मी
एकच ओळ लिहितो: खर्च नाही. व्याज पुढे ओढले.
पुढे ओढले. पुढे ओढले.
पस्तीस रुपये, अठ्ठावीस, एकवीस, दर उतरले तसे.
जमले दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस रुपये नव्वद पैसे.

यंदाचा ऑडिटर पाचपाखाडीचा, कोवळा पोरगा,
म्हणाला, मॅडम, ही चिल्लर एकत्र करून टाका,
"इतर निधी" म्हणून. उद्देश कालबाह्य झालेत.
धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करा, नमुना मी पाठवतो.
चहा घेतला, बिस्किट नको म्हणाला.
खोटं काही बोलत नव्हता तो.
मी टॅलीत एकेक खातं उघडत गेले:
नाव, रक्कम, पावती क्रमांक, पॅन.
पॅन!
सतराशी आले.
अंगठा कुठल्या रकान्यात टाकू?

त्या नादात रात्र झाली. वर्ग सुटले.
राबोडीची तरन्नुम, दिवसभर लॅबमध्ये नळ्या धुते,
भिंत चाचपत जिना उतरत होती.
"बल्ब गेलाय ना, ताई. दिवाळीपासून."
मोबाईलची बॅटरी लाव की गं.
"कामावरच उतरते ती."
दिवाळीपासून.
आणि मी रोज साडेपाचला घरी जाते.

दुसऱ्या दिवशी स्टेशन रोडवर
एक एलईडी, होल्डर, चार मीटर वायर,
वायरमनची मजुरी धरून सहाशे ऐंशी.
व्हाउचरवर लिहिलं: निधी क्र. १७. कंदील.
ऑडिटर विचारेल, राकेलची पावती कुठाय.
विचारू दे.
अर्जाचा नमुना मेलवर येऊन पडलाय,
अजून उघडलेला नाही.

काल मुद्दाम साडेनऊपर्यंत थांबले.
शाळा सुटली. वर कुणी पाहिलं नाही,
दिव्याकडे कोण पाहतं.
चपला धाडधाड वाजत गेल्या,
कुणीतरी कुणाला तरी गेंडा म्हणालं,
मग जिना रिकामा, पायऱ्यांवर पांढरा उजेड,
आणि तिसरी पायरी फुटलीय हे मला
अकरा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

शिल्लक एक हजार चारशे अडुसष्ट, नव्वद पैसे.
मुद्दल तीनशे एक्कावन्न.
गाढ.