मोरी क्रमांक सात

पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
रोझाल्बा किन्तेरो फोन उचलते.
पलीकडून कुणी नाव सांगत नाही,
नुसता आकडा : सात फूट, आणि चढतेय.
ती बूट घालते. डावा अजून कालचाच ओला.

उत्तरेचा हायवे, त्यावरून आडवा जाणारा दुसरा,
दोघांना जोडणारे चार वळसे,
आणि वळशांच्या पोटात चार खळगे –
नकाशात हिरवे रंगवलेले,
एरवी कुणाच्या गावीही नसलेले.

पाऊस पडतोय, पण पाणी वरून येत नाही इथे.
ते जाळीतून येतं. खालून. खारं.
उधाणाच्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोची खाडी
नळातून उलटी चढते
आणि पेट्रोलपंपासमोर डोकं वर काढते.

त्यासाठी झडप आहे.
लोखंडी, बिजागरीवर टांगलेली.
ओढ्याला जाऊ द्यायचं, खाडीला येऊ द्यायचं नाही,
एवढंच तिचं काम.
आज ती चार बोटं उघडी आहे.

तेविता कमरेला दोर बांधून उतरतो.
रोझाल्बा दोर धरते, बॅटरी धरते,
आणि मनातल्या मनात त्याच्या तीन मुलींची नावं धरून ठेवते.
तो ओरडून काहीतरी सांगतो.
वरून ट्रक जातो. तो पुन्हा सांगतो.

खुर्चीचा पाय.

कुणाच्या तरी अंगणातली, पांढरी, प्लास्टिकची,
वर कुठेतरी काठावरून ओढ्यात पडलेली.
सहा फुटांची मोरी, आठ पदरी रस्ता,
सकाळी कामाला निघणारं अख्खं खोरं
आणि खुर्चीचा एक पाय.
मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा म्हणतात,
इथे मोरी हाच दरवाजा,
आणि बोळा कुणी लावला नाही, वाहत आला.

ऑक्टोबरात शाळेच्या जिममध्ये सभा झाली होती.
पडद्यावर निळे बाण, खाली कोटींचे आकडे.
एल्मो ब्रागा, वय एक्याण्णव, काठी टेकत पुढे आला
आणि भिंतीवरच्या नकाशावर अंगठा ठेवून म्हणाला,
इथे वळायचा तो.
माझा बाप दुधाचे कॅन इथे बुडवून ठेवायचा, थंड राहायला.
अंगठ्याखाली दक्षिणेचा रॅम्प होता.
जुना आराखडा काढून पाहिला :
ओढा सरळ केलाय, पट्टीने.
पट्टी कुणाची होती ते लिहिलेलं नाही.

पाय निघतो.
झडप बसते – एक जड, बुळबुळीत आवाज –
खाडी बाहेर राहते.
आणि आता ओढाही आत राहतो.
डोंगरावरचा सगळा पाऊस बंद दाराशी येऊन उभा.
पंप दोन, त्यातला एक चालणारा.
कुणीच हे सभेत नीट सांगितलं नव्हतं,
की दार लावलं म्हणजे घर कोरडं राहतं असं नाही.

रोझाल्बा चाक फिरवून खळग्यांची फाटकं उघडते.
हिरवा रंग पाण्याखाली जातो. एक, दोन, तिसरा.
रॅम्पवर ती नारिंगी कोन मांडते.
पावाच्या गाडीचा माणूस काच खाली करतो :
किती वेळ?
ती खाडीकडे बोट दाखवते.
तिला विचारा.

साडेसातला ओहोटी लागते.
कुणी हात न लावता झडप हलते,
फट पडते, गढूळ पाणी बाहेर सुटतं.
तेविता ट्रकमध्ये तोंड उघडं टाकून झोपलाय.
डॅशबोर्डवर पांढरा पाय.
रजिस्टरमध्ये रकाना : अडथळ्याचे वर्णन.
ती लिहिते, खुर्ची. खोडते. लिहिते, खुर्चीचा पाय, पुढचा की मागचा सांगता येत नाही.

समोर ओढा चाललाय, पट्टीने आखल्यासारखा सरळ,
फक्त दक्षिणेच्या रॅम्पखाली
दर थोड्या वेळाने
डावीकडे जाऊन भिंतीला लागतो.