अर्धा आथर

शुक्रवारी नमाज सुटली की
गाफच्या झाडाखाली पाण्याचा लिलाव.
हे पाणी कुणाच्या वाट्याचं नाही, खुद्द फलजचं.
गावानं पाटाच्याच नावावर थोडं पाणी ठेवलंय,
ते विकायचं, त्यातून त्याचाच गाळ काढायचा.

वही सांभाळतो त्याला इथं वकील म्हणतात.
काळा कोट नाही. कानावर पेन्सिल,
पायात फाटकी चप्पल. सालिम बिन मर्हून.

माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी.
पाळी मोडली तर मेव्हण्याचंही बारं बुजवायचा.
मग घरोघर बोअर झाले,
ज्याचं बटण त्याचं पाणी.
बापानं फावडं भिंतीला टेकवलं
ते तिथंच गंजलं.

अकरा वर्षं मी खलफानच्या खजुरीला पाणी लावतो,
मोबाईल बघून. म्हातारा अरीफ अजून
डोंगराच्या कडेला तारा बघतो, आणि
चुकतो तो मोबाईल.

परवाच्या शुक्रवारी मी हात वर केला.
खोलीमागं चार वाफे आहेत: मेथी, मिरची, गिलकी.
"अर्धा आथर. दीड रियाल."
माना वळल्या. कामगाराचं नाव
त्या वहीत कधी चढलं नव्हतं.
दर वेळी चारपर्यंत नेणारा नासिर
दाढी खाजवत राहिला,
बोलला नाही.

"नाव?"
उखर्डू.
माझ्याआधीची तीन गेली, म्हणून मला
उकिरड्यावर ठेवून उचललेलं.
त्यांच्या अक्षरांत ड नाही.
वकिलानं पेन्सिल जिभेला लावली, लिहिलं: अखू.
म्हणजे भाऊ, अमक्याचा.
अमका कोण, ते लिहायचं राहिलं.

रात्री तीन दहा. चिंध्यांचा बोळा उपसला.
पाणी आलं, कोमट,
डोंगराच्या पोटातून थेट मेथीत.
तीन पंचवीसला झैनाबाईची पाळी.
ती बाविसालाच येऊन उभी, हातात बॅटरी,
काही म्हणाली नाही.
तेविसाला मी बोळा बसवला.

बाप असता तर खेकसला असता:
कमी नको, जास्त नको,
उपकार घरी कर, पाटावर नाही.

बोळा परत काढला.
उरलेली दोन मिनिटं
आम्ही दोघं बॅटरीच्या उजेडात
पाणी बघत उभे.