स्थानिक वाटा

सोसायटीच्या ऑफिसात डिझेलच्या पावत्या,
बर्फाच्या कारखान्याचं कॅलेंडर, आणि त्याखाली
तो फॉर्म : चौतीस पानं, चार भाषा,
पंधरा मार्चच्या आत परत.

पान एकोणीस, रकाना सात.
स्थानिक समुदायाचा वाटा, रुपयांत.

वरचे रकाने भरून आलेत.
लिस्बनचं म्युझियम देणार गाळ मोजायचं यंत्र,
मस्कतहून दोन पाणबुडे, आठ आठवडे, जेवणखाण वगळून.
दिल्लीच्या पुढे अजून 'प्रस्तावित',
तेही पेन्सिलीनं.
तिन्ही सह्या होईतो पैसा हलणार नाही.

जहाज कुणाचं, ते ठरलेलं नाही.
सागवान मलबारचं म्हणतात, शिवण काथ्याची,
म्हणजे हात सूरच्या सुतारांचे, पण नांगर फिरंगी,
आणि बरण्यांची माती त्याहून कुठली लांबची.
बुडालेली माणसं कुठली, त्याला रकाना नाही.

परवा शाळेच्या पडवीत मीटिंग झाली.
लिस्बनच्या टेरेझाबाई शहाळं दोन्ही हातांत धरून बोलल्या,
सावंतवाडीचा दुभाष्या घामानं निथळत सांगत गेला :
लाकूड वर काढलं तर सुकून तडकेल, भुगा होईल.
खालीच राखायचं. वाळूच्या गोण्या, जाळीचं पांघरूण,
दर हंगामाला एक पाहणी.
पैसे त्याला लागतात. न काढण्याला.
मागच्या बाकावर कुणी तरी फिस्सकन हसलं.
सूरहून आलेले नासिर काहीच बोलले नाहीत,
बाहेर आमच्या होडीच्या नाळीवरून हात फिरवत राहिले,
गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

त्या जागेला आमच्यात नाव आहे, गुताडो.
पणज्यापासून जाळी तिथं अडकतात, ओढली की फाटतात.
आगरातला वाकडा माड क्रुसाआड गेला
की सुकाणू फिरवायचं, हे पोरंसुद्धा जाणतात.

बाबल टिकम जाळं शिवत होते. विचारलं,
काका, आपल्या नावावर काय लिहू?
सुई दातांत धरूनच म्हणाले,
"माज्या बापाशीन थंय सात जाळी घालवल्यान.
माजी अकरा. लिवन टाक."
मग पुष्कळ वेळानं, सुई काढून,
"आनि इंजान."

बारा वर्षं सचिव आहे मी, मला ठाऊक नव्हतं.
गुताड्यावरून जाताना आमच्या होड्या
इंजिन बंद करतात. तेवढं अंतर
नुसत्या पाण्याच्या ओढीवर.
"खाली माणसां निजली आसत.
वयरसून धडधडत कित्याक जावचा?"
इंजिनं नव्हती तेव्हा वल्ही उचलून धरत.

बसले हिशेब मांडायला.
बेचाळीस होड्या, जाता-येता,
पुन्हा सुरू करताना जळतं ते डिझेल :
पावत्यांत ते कधी वेगळं दिसलं नाही.
वल्ह्यांच्या काळाला दर कुठला लावू?
आणि गेल्या साली तो दलाल आला होता,
बरण्यांना गिऱ्हाईक आहे म्हणत,
त्यानं इनासपुढे दोन महिन्यांची कमाई ठेवली.
कालवं काढताना पहिली बरणी इनासनंच पाहिलेली.
इनासनं बोट दाखवलं,
नीट, खात्रीनं, भलत्याच दिशेला.
त्या बोटाचे किती?

शेवटी एक आकडा लिहिला. दोनदा खोडून.
खाली बारीक अक्षरात होतं : पुरावे जोडावेत.

बाबलकाकांचं अकरावं जाळं पिशवीत कोंबून
पोस्टात गेले, लिस्बनला किती पडतील विचारायला.
पोस्टमास्तरांनी पिशवी काट्यावर ठेवली,
काट्याखालून पाण्याचा एक ओघळ
रजिस्टरापर्यंत गेला.
म्हणाले, बाई, आधी हे सुकवून आणा.