चौसष्टावी पाटी

रेक्याविकला, पार्लमेंटच्या तळघरात
बॉयलरला खेटून माझं टेबल आहे.
तिथे मी पाट्या कोरतो. पितळेच्या, दोन बोटं रुंद,
सभागृहात खासदार त्रेसष्ट, तेव्हा त्रेसष्टच.
आमच्याकडे आडनाव नसतं, मागे बापाचं नाव लागतं,
म्हणजे प्रत्येकाबरोबर त्याचा बापही कोरणं आलं.
काहींचे बाप फार लांबलचक.

त्या रविवारी सकाळी सातला रेडिओवर यादी वाचली
आणि मी लगेच बसलो.
घाई करू नकोस, असं बायको एकतीस वर्षं सांगतेय.

स्टेनव्होर हाल्ब्योर्नदोत्तिर.
पश्चिमेच्या फ्योर्डातली.
मासे गोठवायच्या कारखान्यात पाळीवरची मुकादम.
पक्षानं यादीत नाव टाकलं होतं
ते बाईचं एक नाव हवं म्हणून.
आणि आली की निवडून!
पाळीवरच्या पोलिश पोरींनी बर्फाच्या घमेल्यावर सुरी वाजवली,
आईला कळवून झालं,
बहिणीचा काळा कोटही मागून झाला.

दुपारी भलत्याच एका गावात, शाळेच्या जिममध्ये,
मतांचे गठ्ठे पुन्हा सोडले.
एका गठ्ठ्यात दुसऱ्याच पक्षाच्या नऊ चिठ्ठ्या
चोरून ऊब घेत बसलेल्या.
नऊ कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले
आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला,
जिथे एकही मत जागचं हललं नव्हतं,
तिथली एक खुर्ची सरकली.
हिशेब असतो तसा. मला तीनदा समजावलाय,
तिन्हीदा मी मान हलवलीय.

सात ते चार. नऊ तास.
औट घटकेचं राज्य म्हणतात,
ते याहूनही लहान असतं म्हणा.

तिच्या जागी दातांचा डॉक्टर आला, ओडगेर.
मी त्याची पाटी कोरली.
तिची खिळ्यांच्या खणात टाकली.

नोव्हेंबरात सभागृह भरलं.
चर्चमधून सगळे चालत आले, पाऊस आडवा,
बिशपची पांढरी गळपट्टी ओली कणकीसारखी.
मग पेटी फिरली.
कोण कुठे बसणार हे आमच्याकडे चिठ्ठीवर ठरतं,
पक्ष नाही, वय नाही, आवाज तर नाहीच.
महिनाभर मतं मागितलेला हात
पेटीत आकडा चाचपतो
तेव्हा जत्रेतल्या पोराचा होतो. मी जवळून बघतो ना.
डॉक्टरला हीटरशेजारची जागा लागली. खूश झाला.

वर गॅलरीत एक बाई.
काळा कोट, बाह्या जरा आखूड.

सगळं पांगल्यावर ती जिना उतरून खाली आली.
"माझी पाटी झाली होती का हो?"
नाही म्हणता आलं असतं.
मी खण ओढला.

तिनं अंगठ्यानं पितळ पुसलं,
ओठ हलवत वाचलं, जसं आपण
पाकिटावर आपलंच नाव वाचतो.
मग हसली.
"वडलांच्या नावात 'ल' दोनदा आहे.
तुम्ही एकच घातलाय."

बॉयलर गुरगुरत होता.
मी म्हटलं, घरी न्या, तुमचीच आहे.
ती म्हणाली, चुकलेली कशाला नेऊ,
म्हातारा अजून आहे, चष्मा लावून बघेल.
पाचचं विमान होतं तिचं, लहानसं,
वारा वाढला तर जात नाही ते.

पितळेत राहिलेलं अक्षर मागून घालता येत नाही.
फार तर सगळी पाटी घासायची,
नाव जाईपर्यंत,
मग ती पातळ होते, वाकते.

मी नवी पट्टी घेतली.
कुणी सांगितलं नव्हतं, वहीत नोंद केली नाही.
वर पहिलं भाषण सुरू झालं असावं,
टाळ्या छतातून धुळीसारख्या येत होत्या.
दोन्ही 'ल'
सावकाश कोरले.