कितवा

गोव्यातल्या शेवटच्या स्पर्धेत मी चौदावा आलो.
बक्षिसं बारा होती.
परतीच्या बसमध्ये रामबागेतून फोन,
बाबांचा एकच प्रश्न, दहावीपासून तोच:
कितवा?
चौदावा.
कितीतून?
दोनशे साठातून.
मग वाईट नाही, म्हणाले,
आणि गॅस बंद करायला गेले.

स्पर्धेत घड्याळ तुमच्या वतीनं खेळतं.
दर वीस मिनिटांनी ब्लाइंड चढतात,
घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत,
आणि हातात नुसता राजा आणि छक्की असताना
सगळा ढीग पुढे लोटावा लागतो,
कारण थांबलं तरी बुडणारच.
मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.
मरणाची वेळ दुसऱ्यानं ठरवली
की माणूस शूर होतो.

आता बुधवार आणि शनिवार सियागंज.
मुर्तझाभाईंच्या हळदीच्या गोदामावर
एक अंडाकृती टेबल, सहा खुर्च्या,
त्यातली डुगडुगती माझी.
ब्लाइंड पंचवीस-पन्नास.
काल तेवढे, उद्या तेवढेच,
मुर्तझाभाईंच्या मुलीच्या निकाहाच्या आदल्या रात्रीसुद्धा तेवढेच होते.
कासलीवाल सूर्य बुडाला की पाणीही घेत नाहीत,
पहाटे तीनला कोरड्या ओठांनी रेझ करतात.
लालवानी मॅडम दिवसा दात बघतात.

पहिले दोन महिने मी तसाच खेळलो, गोव्यासारखा.
ढीग लोटायचा, श्वास धरायचा.
लोक शांतपणे पत्ते टाकून द्यायचे,
किंवा त्याहून शांतपणे कॉल करायचे.
हरलो की सवयीनं उभा राहायचो,
हात पुढे करायचो, छान खेळलात म्हणून,
आणि कासलीवाल मान वर न करता,
"कहाँ चले? बैठो."
खिशातून आणखी दहा हजार काढले
की मी पुन्हा जिवंत.
इतकं सोपं.
भिण्यासारखं ते होतं, आणि मी भलत्यालाच भीत होतो.

स्पर्धेत पन्नास हजारांची चिप असते,
तिचा चहा येत नाही.
इथली पन्नासची चिप म्हणजे पन्नास रुपये,
पुढे सरकवताना बोटाला वजन लागतं.

तिथली बदाम राणी मागूनही ओळखू यायची,
कोपऱ्यावर हळदीचं बोट.
त्या रात्री ती मॅडमच्या हातात होती.
मला दिसत होती.
मला दिसतेय हे मॅडमना दिसत होतं.
मध्ये अडतीस हजार.
माझ्याकडे दोन गुलाम, टेबलावर तिसरा,
आणि राणीची सगळी वाट मला उघडी.
मी पत्ते टाकले.

कुणी नंबर पुकारला नाही.
मॅडम म्हणाल्या, "गड्डी बदलो, मुर्तझाभाई."
त्यांनी नवं पाकीट फोडलं,
त्याआधी हात पुसले शर्टाला.
शर्टही पिवळाच.

पत्ते पिसले जात होते तेवढ्यात मी उठलो.
समोर चिप्स होत्या, चार हजार दोनशे वर,
मला कुणी हाकललं नव्हतं,
बसायलाही कुणी सांगितलं नाही या वेळी.
जिना उतरताना गुडघे कापले.
इतके कुठल्याच ऑल-इनला कापले नव्हते.
मोबाइलमध्ये बघितलं, पावणेचार.
मग उगाच राजवाड्यापर्यंत चालत गेलो,
आणि तिथून परत फिरलो.

बाबांना अजून समजावता आलेलं नाही
की या खेळात कितवा नसतो.
ते फाटकापाशी उभे होते, मफलर गुंडाळून,
कचरागाडीची वाट बघत,
ओला डबा, सुका डबा.
मला बघून म्हणाले, अरे वा, आज लवकर!
कधी उठलास?

पावणेचारला, म्हणालो.

शहाणा झालास, म्हणाले,
आणि ओला डबा माझ्या हातात दिला.