तूट

बर्फ निघताना काट्यावर वजन लिहितात,
पोचल्यावर गिऱ्हाईक लिहितं.
मधे जे रस्त्यावर सांडतं
त्याला आमच्या कारखान्यात तूट म्हणतात.

अब्बांच्या वहीत, परभणी ते पाथरी,
मे महिना, भर दुपार:
शंभराला अकरा.
खाली सॉ मिलचा भुसा, वर दुहेरी गोणपाट,
आणि लादीजवळ बोलायचं नाही,
तोंडाची वाफ लागते म्हणायचे.
बाराला गेली तूट की रात्री जेवताना गप्प.
दोरी सैल राहिली असेल.
मानवतच्या फाट्यावर चहाला थांबलो,
तिथंच गेला असेल तो एक किलो.

आता वही माझ्याकडं.
गोणपाट तेच, टेम्पो नवा, रस्ता सिमेंटचा,
वेळ जवळजवळ निम्मा.
शंभराला सतरा.
मागच्या साली एकोणीस.
यंदा चैत्रातच बावीस लिहिलं
आणि पेनाचं टोपण लावायचं राहून गेलं.

पेपरात येतं, आजवरचा विक्रम.
विक्रम म्हटला की कुणीतरी गुलालात माखलेला पाहिजे,
हलगी पाहिजे.
इथं दुपारी एकला बाजारपेठेत
कुलपं तेवढी बसलेली असतात दारोदार.
हात लावून बघा एखाद्याला.

गिऱ्हाइकंही बदलली.
रसवंतीवाला आहे, लग्नं आहेत,
पण आता सबस्टेशनला रोज दोन लाद्या लागतात.
ट्रान्सफॉर्मरपुढं कूलर लावलाय
आणि कूलरच्या टाकीत बर्फ.
लाइनमन उफाडे स्वतः बाहेर, पत्र्याच्या सावलीत,
पंचा ओला करून डोक्यावर.
पोल्ट्रीवाले नेतात. मेडिकलवाले इन्सुलिनसाठी नेतात.
आणि मयतीला.
मयतीला भाव करत नाही आम्ही.

वैशाखातल्या अवसेच्या आदल्या दिवशी
खडकदेववरून फोन आला.
लिंबाजीराव दुपारी पत्र्याच्या खोलीत आडवे झाले
ते चहाला उठलेच नाहीत.
लेक सुरतेहून निघालाय, पहाटेपर्यंत येईल.
एक लादी, मुजीबभाई. मोठी.
एकशे चाळीस किलो, लिहून निघालो.

सरकारी दवाखान्याच्या वळणावर
सिस्टर कालिंदी रस्त्यात उभी, चप्पल न घालता.
त्या डांबरावर.
आत तीन खाटांची खोली, दारावर कागद चिकटवलेला:
उष्माघात कक्ष.
फ्रीजमधला बर्फ संपलेला.
केसपेपरवर नाव नाही, नुसतं
स्त्री, अंदाजे तीस, रस्त्याचं काम.
तळव्यांना खडी चिकटलेली.

मी टॉमी घेतली.
लादी फोडताना जो आवाज होतो
तो कुठल्याच वस्तूचा नाही,
आधी लांब, मग एकदम जवळ.
मानेखाली, काखेत, जांघेत,
सिस्टर मागत होती आणि मी फोडत होतो.
बाईच्या अंगावर बर्फ
तव्यावर टाकल्यासारखा जात होता.
कुणीतरी म्हणालं, पुरे.
कुणी म्हणालं, आणखी.
मग मलाच हळू म्हणाली ती, तुम्ही जा,
तुमचं तिकडं माणूस वाट बघतंय.

खडकदेवला काटा लावला. एकसष्ट.
भावकीतला एकजण बोट दाखवून म्हणाला, ही लादी?
गयाबाई ओट्याला टेकून बसल्या होत्या,
हातात नवऱ्याची टोपी, तिनंच स्वतःला वारा घालत.
मी सगळं सांगितलं.
दवाखाना, बाई, खडी.
त्यांनी विचारलं, वाचली का?
मी म्हणालो, ठाऊक नाही.
मग त्या उठल्या, घरातली होती नव्हती ती लुगडी आणली,
माठातल्या पाण्यात बुडवली,
आणि जिथं बर्फ पुरत नव्हता
तिथं एकेक पदर दाबून बसवत राहिल्या.
आम्ही दोघांनी मिळून बसवले.
लादीजवळ कुणी बोललं नाही.

परतताना वळणावर दवाखान्यात दिवा होता.
आत गेलो नाही.
वहीत निघतानाचा आकडा आहे,
पोचल्याचाही आहे,
पुढचा रकाना तसाच.

फाट्यावर चहा घेतला.
पावडीवरून गोणपाट अजून ठिबकत होतं.
एक कुत्रं आलं, टेम्पोखाली शिरलं,
थेंब बरोबर पाठीवर पडेल असं सरकलं, डोळे मिटले.
चावी हातात होती.
फिरवली नाही.