दीड सूत

निनावे मिस्त्री लाकडाचा नमुना
मापापेक्षा मोठा तासतात.
फुटामागे दीड सूत.
थंड होताना धातू आखडतो, म्हणतात,
त्याचं आखडणं आधीच धरून ठेवावं लागते.

मी चाळणीवर असते.
वैनगंगेची वाळू पाच पाट्या,
पाटीभर चिकण माती, तांब्याभर मळी,
आणि पाणी किती, ते कोणी सांगत नाही.
मूठ आवळायची. उघडायची.
गोळ्यावर बोटं उमटली पाहिजेत,
मधून मोडला तर कड सरळ तुटली पाहिजे.
एवढं शिकायला मला दोन वर्षं लागली.

मोहाडीच्या अलीकडे, नाल्याच्या काठी,
आठ पत्र्यांखाली आमची भट्टी.
राइस मिलचे बुश ओततो, खाणीतल्या पंपांचे पंखे.
एकदा देवळाचे पंच आले, घंटा ओतून द्या म्हणून.
मिस्त्रींनी हात जोडले.
"घंटेत कथील जास्त. वाजते चांगली,
पन ओझं नाही घेत, तडकते.
मी ओझ्याचं काम करतो."

गुरुवारी भंगार येते.
जळक्या मोटारींच्या तारा, नळाच्या तोट्या,
एखादा गुंड, परात, कानतुटकी कढई.
मी हातोडीने पारखते.
पितळ चेपते. कासं फुटते.
फुटलेलं इकडे, बुशासाठी. चेपलेलं तिकडे.

भांड्यांवर नावं असतात, ठिपक्या-ठिपक्यांची.
ब्लोअर लागेपर्यंत वेळच असतो,
मी वाचत बसते.
"चि. सौ. कां. बेबीनंदा हिस मामांकडून, १९८१."
"दुर्योधन लक्ष्मण शिवणकर." पुढे गाव होतं, घासून गेलं.
एका पितळी गडव्यावर नुसतं
"परत करणे".

बेबीनंदाची काशाची वाटी होती.
बूड पातळ झालेलं, गुळगुळीत.
म्हणजे पुष्कळ तळवे घासले तिने,
पुष्कळ जणांची आग उतरवली.
मी हातोडी मारली.
तीन तुकडे झाले, नाव दोन तुकड्यांत गेलं.

मुशीत आधी तांबं. मग कथील, कासं.
जस्त शेवटी, कारण ते थांबत नाही,
हिरवी ज्योत धरते आणि पांढरं होऊन उडते,
वाशांवर, केसांवर, मिस्त्रींच्या भुवयांवर.
हा धानाचा मुलूख. कापूस आमच्याकडे
एवढाच पिकतो, या छपराखाली.
रात्री थंडी वाजून ताप येतो,
सकाळी जातो. आम्ही गुळाचा खडा खातो
आणि कोणाला सांगत नाही.

त्या दिवशी ओतलं तेव्हा साचा बुडबुडला.
भाताच्या गंजासारखा.
मी समजले. मिस्त्रीही समजले.
थंड झाल्यावर वाळू फोडली:
बुशाच्या अंगावर देवीच्या वणासारखी भोकं.
"पानी कोनं टाकलं व?"
मीच, म्हटलं.
ते काही बोलले नाहीत. बुश उचलला, मुशीजवळ ठेवला.
म्हणजे उद्या पुन्हा.

साचा काही पुन्हा नाही.
तो दर वेळी मोडूनच काम उरकते.
वाळू मात्र तीच, जळून काळी झालेली,
मी पुन्हा चाळते, पुन्हा पाण्यावर आणते.
कधी वाटते, मला घडवताना
कोणी दीड सूत जास्त धरलं नसावं.
मग ब्लोअर सुरू होतो आणि काही ऐकू येत नाही.

दुसऱ्या खेपेला बुश नीट आला.
आंधळगावच्या मिलवाला घेऊन गेला,
पैसे दिवाळीनंतर देतो म्हणाला.

गडवा मी वितळवला नाही.
हिशेबात सातशे ग्रॅम पितळ कमी भरलं,
मिस्त्रींनी माझ्या मजुरीतून कापलं,
बरोबर केलं.
आता माठावर तोच असतो.
भट्टीवर येणारा जाणारा त्यातून पाणी पितो,
वरची अक्षरं वाचतो,
आणि गडवा जागेवर ठेवतो.